नेपाळचे माओवादी: मतं कमी, भाव जास्त

नेपाळचे माओवादी बंदूक ठेवून निवडणुकीत उतरले आणि त्यांचे नेते पुष्पकमल दाहाल ऊर्फ 'प्रचंड' तीनदा पंतप्रधान झाले, एवढं आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असतं. त्या काळात पक्षाची मतं किती झिजली, हे मात्र फारसं कुणी मांडत नाही. नेपाळात मतदार संसदेसाठी दोन मतं देतो: एक मतदारसंघातल्या उमेदवाराला, दुसरं पक्षाच्या यादीला. यादीच्या मतांत माओवाद्यांचा वाटा २००८ मध्ये २९.२८ टक्के होता, २०१३ मध्ये १५.२१, २०१७ मध्ये १३.६६ आणि २०२२ मध्ये ११.१३. एकदाही वर गेला नाही. तरी २०२२ नंतर २७५ च्या सभागृहात अवघ्या ३२ जागा घेऊन पंतप्रधानपद त्यांच्याकडेच!

सुरुवात २००८ पासून करू. संविधान सभेत थेट निवडून द्यायच्या २४० जागा होत्या. माओवाद्यांना साधारण तीस टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या १२०, म्हणजे बरोबर निम्म्या. नेपाळी काँग्रेस आणि एमाले (तिथला दुसरा मोठा कम्युनिस्ट पक्ष) एकमेकांच्या विरोधात लढत होते. तिरंगी लढतीत तीस टक्केवाला कसा निघून जातो, हे मराठी वाचकाला समजावायची गरज नाही. माओवाद्यांच्या युवक संघटनेच्या, यंग कम्युनिस्ट लीगच्या, पोरांची दहशत होती हे खरं, पण दलित, जनजाती आणि स्त्रियांना यादीत मिळालेलं स्थान आणि 'एकदा यांनाही बघू' ही भावना, हेही तितकंच खरं. सगळं श्रेय भीतीला देणारे २०१३ पर्यंत थांबले असते तर बरं झालं असतं.

पाच वर्षांत मतं निम्म्यावर का आली? माझ्या मते यात छावण्यांचा वाटा मोठा आहे आणि त्याबद्दल कमी लिहिलं गेलं. २००६ च्या शांतता करारानंतर सात मुख्य आणि २१ उपछावण्यांत माओवादी लढवय्ये ठेवले गेले. शस्त्रं कंटेनरमध्ये बंद. पहारा संयुक्त राष्ट्रांचा, किल्ली माओवाद्यांकडे. पडताळणीत १९,६०२ जण पात्र ठरले. अल्पवयीन किंवा उशिरा भरती झालेले म्हणून ४,००८ जण अपात्र ठरले. सैन्यात किती जणांना घ्यायचं यावर वर्षानुवर्षं घोळ चालला. नोव्हेंबर २०११ च्या सात कलमी करारात कमाल ६,५०० चा आकडा ठरला, प्रत्यक्षात सैन्यात गेले जेमतेम चौदाशे. बाकी बहुतेकांनी हुद्द्यानुसार ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घरचा रस्ता धरला. १० एप्रिल २०१२ ला सैन्याने छावण्यांचा ताबा घेतला आणि जूनमध्ये ज्येष्ठ नेते मोहन वैद्य पक्ष फोडून बाहेर पडले.

पूर्णवेळ काम करणारा, शिस्तीत हुकूम मानणारा हजारोंचा जथा होता, तो चेक घेऊन पांगला. नाराज होते त्यातले बरेच वैद्यांकडे गेले. बूथवर बसायला जे उरले ते बहुतेक २००६ नंतर सत्तेच्या वासाने आलेले. २०१३ मध्ये थेट जागा १२० वरून २६ वर आल्या. काठमांडू-१० मधून प्रचंड पडले, सिराहा-५ ने वाचवलं. मोजणी चालू असतानाच पक्षाने धांदलीचा आरोप करून आपले प्रतिनिधी केंद्रांवरून मागे बोलावले आणि पुढे यथावकाश सभेत जाऊनही बसले.

इथून पुढे पक्ष शिकला ते मतं मिळवायला नव्हे, जागावाटप करायला. २०१७ मध्ये एमालेशी ६०:४० असं वाटप झालं. यादीची मतं आणखी घसरली, पण १६५ पैकी ३६ थेट जागा आल्या. गंमत अशी की युतीत एमालेचा मतदार उमेदवाराच्या मतपत्रिकेवर माओवाद्यांच्या हातोडा-कोयता चिन्हावर शिक्का मारतो आणि यादीच्या मतपत्रिकेवर आपल्या पक्षाच्या सूर्यावर. थेट जागा म्हणजे मित्रपक्षाची उधारी. आपलं स्वतःचं काय, ते यादीतच दिसतं. शिवाय जो मतदारसंघ मित्राला सोडला तिथे आपला उमेदवार नाही, खर्च नाही, कार्यकर्ता घरी. पुढच्या खेपेला तिथे यादीलाही मत पडत नाही. २०२२ मध्ये मित्र बदलून काँग्रेस झाला, आणि युद्धात माओवाद्यांकडून मार खाल्लेल्या घरांनी हातोडा-कोयत्यावर शिक्का मारायचा होता. थेट जागा १८ वर आल्या. प्रचंडांनी मात्र त्यांचे जुने सहकारी बाबुराम भट्टराईंनी मोकळ्या केलेल्या गोरखा-२ मधून काम भागवलं. रोल्पा, काठमांडू, सिराहा, चितवन, गोरखा: दर वेळी नवा मतदारसंघ.

जुन्या सवयी कधी उसळतात, याचा नमुना भरतपूर महानगरपालिकेत २०१७ ला दिसला. महापौरपदासाठी प्रचंडांची कन्या रेणू दाहाल उभ्या होत्या, काँग्रेसचा पाठिंबा होता, तरी त्या मोजणीत मागे होत्या. शेवटच्या टप्प्यात प्रभाग १९ च्या मतपत्रिका मोजणी केंद्रातच फाडल्या गेल्या. फाडणारे माओवादी प्रतिनिधी. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, ऑगस्टमध्ये त्या प्रभागात फेरमतदान झालं आणि रेणू दाहाल २०३ मतांनी निवडून आल्या.

सभागृहात मात्र हात सफाईदार झाला. काँग्रेस ८९, एमाले ७८, दोघांनाही बहुमत नाही आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही; अशात ३२ ला भाव येणारच. डिसेंबर २०२२ मध्ये एमालेच्या पाठिंब्याने पंतप्रधान, मार्च २०२३ मध्ये काँग्रेसच्या, मार्च २०२४ मध्ये पुन्हा एमालेच्या. घटनेप्रमाणे सरकारातल्या पक्षाने पाठिंबा काढला की ३० दिवसांत विश्वासमत घ्यावं लागतं. नेमणुकीनंतरचा पहिला धरून असे पाच ठराव प्रचंडांनी दीड वर्षात मांडले. पाचव्या वेळी, १२ जुलै २०२४ ला, बाजूने ६३ मतं पडली आणि विरोधात १९४, कारण काँग्रेस आणि एमालेने थेट एकमेकांशीच हातमिळवणी केली होती.

गडचिरोलीबद्दल बोलताना 'नेपाळसारखं इथे का नाही' असा प्रश्न येतो, म्हणून एवढंच: तिथे २००५ मध्ये राजाने सगळी सत्ता हाती घेतली होती, आणि संसदीय पक्षांना माओवाद्यांची गरज होती. त्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीत या दोघांत झालेली बारा कलमी समजूत त्या गरजेतून आली.

नोव्हेंबर २०२५ मध्ये एमालेतून फुटलेले माजी पंतप्रधान माधव नेपाळ आणि इतर डाव्या गटांना घेऊन प्रचंडांनी नवा पक्ष केला. नाव 'नेपाली कम्युनिस्ट पार्टी'. 'माओवादी' हा शब्द त्यात नाही.