तुम्ही विचारलंत म्हणून : ती बाई एवढी भेसूर का?

"डी कूनिंगला बायकांचा राग होता का हो?" अमेरिकी चित्रकार विलेम डी कूनिंग यांचं 'वुमन १' हे चित्र पडद्यावर आलं की हा प्रश्न येतोच. बटबटीत डोळे, विचकलेले दात, रंगाने ओरबाडलेली छाती मलाही दिसते. पण राग होता असं ठरवण्याआधी ते चित्र कसं झालं, हे कुणी ऐकून घेत नाही.

'एक्सकव्हेशन' हे मोठं अमूर्त चित्र संपवून १९५० च्या जूनमध्ये त्यांनी हे हाती घेतलं. साधारण १९३ बाय १४७ सेंटिमीटरचा कॅनव्हास. कोळशाने कागदावर रेखाटनं करायची, कापायची, कॅनव्हासवर लावून सरकवून बघायची, मग रंग. पटलं नाही की ओला रंग सुरीने खरवडून काढायचा आणि उरलेल्या डागावरच पुन्हा रेषा मारायची. खरवडणं तैलरंगात गरजेचंही असतं. जाड थराला वरून साय धरते, आत तो ओलाच राहतो. त्यावर लवकर वाळणारा थर चढवला तर पुढे तडे जातात. शिवाय ओल्यावर ओला रंग लावताना ब्रश दोन-तीनदा फिरला की सगळ्याचा चिखल होतो. म्हणून फटकारा एकदाच, खांद्यापासून मारायचा आणि सोडून द्यायचा. तुम्हाला मारहाण वाटते त्यातलं बरंचसं हे आहे.

छायाचित्रकार रूडी बर्कहार्टने या चित्राच्या टप्प्यांचे फोटो काढलेत. त्यांत अवयव सतत जागा बदलतात. त्याच सुमाराच्या एका छोट्या अभ्यासचित्रात डी कूनिंगनी सिगारेटच्या जाहिरातीतलं हसरं तोंड कापून चिकटवलं. एक खरी वस्तू जागेवर असली की बाकी सगळं मोडायची मोकळीक मिळते.

आणि तरी चित्र जमेना. १९५२ च्या सुरुवातीला, दीड वर्षाच्या खटपटीनंतर, त्यांनी कॅनव्हास चौकटीवरून उतरवून बाजूला टाकला. पुढे कलेतिहासकार मायर शपिरो स्टुडिओत आले आणि त्यांनी त्याच चित्राची चौकशी केली. ते बाहेर काढलं गेलं, बोलणं झालं, पुन्हा काम सुरू झालं आणि त्याच वर्षी ते पुरं झालं. १९५३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी जॅनिस गॅलरीत ते लागलं. नुसता राग असता तर तो एका बैठकीत ओकून झाला असता. दीड वर्ष खरवडून, टाकून दिलेलं परत उचलणारा माणूस काहीतरी शोधत असतो, असं मी ठामपणे म्हणते.

त्याच काळातली चित्रकार ग्रेस हार्टिगन हिचं १९५४ चं 'ग्रँड स्ट्रीट ब्राइड्स' बघा. लग्नाच्या पोशाखांच्या दुकानातल्या पुतळ्यांवरून केलेलं, नववधूंचे चेहरे मुखवट्यासारखे. तिला कुणी विचारत नाही, तुला बायकांचा राग होता का म्हणून.

पूर्वी मी इथेच थांबायचे : रंगाकडे बघा, बाईकडे नको. आता तसं म्हणवत नाही. अभ्यासचित्रातलं ते तोंड जाहिरातीतलं होतं, बाईचं हसू विकणारं, आणि ते निवडलं डी कूनिंगनीच. शिवाय १९४० च्या आसपास त्यांनी पुरुषही रंगवलेत, उभे आणि बसलेले. तेही पुसत, बदलतच रंगवलेले, पण ते गप्प, उदास, पातळ रंगातले आहेत. दात कुणाचेच दिसत नाहीत. तंत्र तर त्यांच्यासाठीही हाताशी होतंच. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तुमचा प्रश्न मी खोडून काढू शकलेले नाही.