जुनं क्लॅरिनेट, पहिला महिना: हवा कुठून जात होती

महिन्याभरापूर्वी शिकाऊ वादकांसाठीचं, प्लास्टिकचं, वापरलेलं बी-फ्लॅट क्लॅरिनेट स्वस्तात घेतलं. लाकडीचा मोह होता, पण ग्रेनेडिलाला (क्लॅरिनेटच्या काळ्या लाकडाला) गेलेला तडा कुणी बुजवून ठेवला असेल तर तो ओळखण्याइतकी माझी नजर तयार नाही. घेताना १७ की (भोकं उघडझाप करणाऱ्या धातूच्या चाव्या) आणि भोकांभोवतीच्या ६ रिंगा मोजल्या, म्हणजे आज सर्रास वापरात असलेल्या बोएम या की-रचनेची खात्री झाली. अल्बर्ट या दुसऱ्या पद्धतीची जुनी वाद्यं देखणी असतात, पण त्यांच्यावर बोटं ठेवण्याची रीत वेगळी. अंगावर ‘एचपी’ (हाय पिच) हा शिक्का नाही, हेही पाहिलं. तसं वाद्य जुन्या चढ्या पट्टीचं असतं, आजच्या पट्टीला (ए = ४४० हर्ट्झ) ते नीट लागत नाही.

पहिले दोन आठवडे वाईट गेले. डाव्या हाताचे स्वर यायचे, पण उजव्या हाताची बोटं ठेवत खाली उतरलं की आवाज आधी घोगरा व्हायचा, मग चिरकायचा. सगळ्यात खालचा ई तर लागतच नव्हता. मी ओठांना दोष देत राहिलो, रीड (माउथपीसवरची कंप पावणारी पातळ पट्टी) दोनवरून अडीच नंबरची, म्हणजे जास्त कडक, केली. त्यानं फक्त दम जास्त लागू लागला.

शेवटी वाद्य सुटं करून तपासलं. वरच्या भागाचं खालचं तोंड तळव्यानं बंद केलं, भोकांवर बोटं आणि मागे अंगठा ठेवला आणि वरून हवा ओढली. भाग घट्ट असेल तर ओढ काही सेकंद टिकते. माझ्याकडे ती क्षणात सुटली! मग सिगारेटच्या पातळ कागदाची पट्टी एकेका पॅडखाली (भोक बंद करणाऱ्या कीच्या मऊ गादीखाली) धरून हलकेच ओढून पाहिली. चांगला पॅड सगळ्या बाजूंनी सारखा अडवतो. डाव्या करंगळीच्या सी-शार्पच्या पॅडखालून पट्टी अलगद निघून आली. त्याच्यावरची पातळ त्वचा फाटली होती. हा पॅड एरवी बंदच असतो, म्हणून त्याच्यावर संशयच गेला नव्हता. पण तो गळला की त्याच्या खालचे सगळे स्वर बिघडतात.

की काढून, वाद्यापासून दूर धरून पॅड बसतो ती वाटी तापवली, जुना पॅड काढला, शेलॅकवर (लाखेवर) नवा बसवला. तापवण्याचं काम वाद्यावर करू नका, प्लास्टिक वितळेल. पॅड सपाट बसायला तीन प्रयत्न लागले. त्यानंतर पहिल्याच फुंकेत खालचा ई आला, जाड आणि गोल. मी तो बराच वेळ नुसता धरून बसलो.

आता रजिस्टर की, म्हणजे मागची अंगठ्याची, स्वर वर नेणारी की. बासरीत फुंक वाढवली की सा चा वरचा सा होतो, इथे मात्र खालच्या सा वर अंगठ्याची की दाबली की वरच्या सप्तकातला पंचम येतो. त्यामुळे ए वरून बी वर जाताना जवळजवळ मोकळ्या वाद्यावर एकदम सगळी बोटं टाकावी लागतात. ए वाजवतानाच उजव्या हाताची भोकं झाकून ठेवायची युक्ती उपयोगी पडते आहे. दहापैकी सहा वेळा जमतं.

माउथपीस मूळचंच आहे. टोकाला टवका नाही, कोमट पाण्यानं धुतलं. गरम पाण्यानं माउथपीसचं एबोनाइट (कडक रबर) हिरवट पडतं. दोन भागांना जोडणाऱ्या पुलाचं कॉर्क झिजलंय, ते या आठवड्यात बदलेन.