जंगलवाटांसाठी जमवलेला निधी पाण्याच्या निचऱ्यावर खर्च व्हावा

ऑफ-रोड क्लबांनी, म्हणजे पक्क्या रस्त्याबाहेर गाड्या चालवणाऱ्यांच्या क्लबांनी, आपल्या परिसरातील जंगलवाटांच्या देखभालीसाठी निधी उभारण्याची पद्धत आता अनेक देशांत रुळली आहे. मी ज्या क्लबची सभासद आहे, त्याच्या निधी समितीचे काम पाहत असल्यामुळे या विषयाकडे मी गाडी चालवणारी म्हणून पाहते, तशीच हिशेब ठेवणारी म्हणूनही पाहते. अशा समित्यांच्या बैठकांत पैसे जमवण्याच्या मार्गांवर पुष्कळ चर्चा होते. ते पैसे वाटेच्या नेमक्या कोणत्या भागावर, वर्षाच्या कोणत्या काळात आणि कोणाच्या परवानगीने खर्च करायचे, याची चर्चा मात्र शेवटच्या दहा मिनिटांत उरकली जाते. माझे ठाम मत असे आहे की जमलेल्या रकमेचा सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या निचऱ्यावर आणि तोही दरवर्षी न चुकता खर्च व्हावा. फलक, प्रवेशद्वारे, विश्रांतीच्या जागा ही सगळी कामे त्यानंतरची आहेत.

वाट खराब होते ती गाड्यांमुळे, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु गाडी आरंभ करून देते आणि पुढचे काम पाणी करते. चाकांच्या वजनाने माती दबली की तिच्यातील पोकळ्या मिटतात आणि पावसाचे पाणी आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावरून वाहू लागते. त्याला वाहण्यासाठी दोन चाकोऱ्या आयत्याच मिळतात. उतारावर या चाकोऱ्यांतून पाणी जितके लांब धावते, तितका त्याचा वेग वाढतो, आणि वेग वाढला की माती उचलून नेण्याची त्याची शक्ती त्याहूनही झपाट्याने वाढते. एकदोन पावसाळ्यांत चाकोरीची घळ होते, गाडीचे पोट मधल्या उंचवट्याला घासू लागते, आणि मग चालक बाजूच्या गवतावरून नवी वाट काढतो. तीही काही दिवसांत तशीच होते. ओलसर कुरणातून जाणाऱ्या वाटांची अवस्था यामुळे सर्वांत वाईट होते, कारण तेथे एका वाटेच्या पाहता पाहता चार समांतर वाटा झालेल्या दिसतात. वाहून गेलेली माती नाहीशी होत नाही. ती जवळच्या ओढ्यात जाऊन बसते, तळाच्या खडीतील फटी बुजवते, आणि ज्या माशांची अंडी त्या फटींत वाढतात, त्यांना प्राणवायूयुक्त पाणी मिळेनासे होते.

यावरचे उपाय फार जुने आणि साधे आहेत. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कलता ठेवला, तर पाणी वाटेवर न धावता आडवे उतरून जाते. लांब उतारावर ठराविक अंतराने सौम्य खोलगट भाग आणि त्यापुढे छोटा चढ दिला, तर धावणारे पाणी तेथे थांबून बाहेर पडते. उतार जितका तीव्र, तितके हे खोलगट भाग जवळ जवळ घ्यावे लागतात. बाहेर काढलेले पाणी थेट ओढ्यात न सोडता झाडोऱ्याच्या जमिनीवर पसरवावे लागते, म्हणजे गाळ तेथेच अडकतो. ओढा ओलांडण्याच्या जागी तळ मोठ्या दगडांनी पक्का करावा लागतो, आणि जेथे तेवढ्याने भागत नाही तेथे मोरी किंवा पूल बांधावा लागतो. वाटा आखणारे लोक एक ठोकताळा वापरतात, तो प्रत्येक क्लबने लक्षात ठेवण्यासारखा आहे: वाटेचा चढ हा ती ज्या डोंगरउतारावरून जाते त्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा, आणि सलग चढ साधारण 10 टक्क्यांच्या आत राहावा. अनेक जुन्या जंगलवाटा लाकूड ओढून आणण्यासाठी सरळ उतारावर पाडलेल्या असतात. त्या या ठोकताळ्यात बसत नाहीत, म्हणूनच त्यांच्या देखभालीचा खर्च कधी संपत नाही.

या कामांची अडचण एवढीच आहे की ती डोळ्यांत भरत नाहीत. नीट बनवलेला खोलगट भाग गाडीतून जाताना जाणवतसुद्धा नाही. देणगीदाराला आपले नाव कोरलेला फलक दिसावा, असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि प्रायोजक कंपनीला तर ते हवेच असते. त्यामुळे निधी आपोआप दिसणाऱ्या वस्तूंकडे वळतो आणि मोरीच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा तसाच राहतो. तुंबलेली मोरी मोकळी करायला चार माणसांचे काही तासांचे श्रम लागतात. ती तुंबलेलीच राहिली आणि मोठा पाऊस झाला, तर पाणी वाटेवरून उलटते व भरावासह मोरीच वाहून जाते, आणि मग यंत्रे आणावी लागतात. देणगीदारांना हे समजावून सांगता येते, असा माझा अनुभव आहे. त्यासाठी वाटेचे कोरड्या दिवसांतील छायाचित्र उपयोगाचे नाही; भर पावसात त्याच जागी पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे कामाच्या आधी आणि नंतर टिपून दाखवावे, म्हणजे फार बोलावे लागत नाही.

निधीला आणि श्रमाला जोडणाऱ्या व्यवस्थेचे उत्तम उदाहरण अमेरिकेत आहे. तेथे 1991 साली केंद्रीय कायद्याने वाटांसाठी जो निधी निर्माण झाला, त्यामागचा विचार असा होता की रस्त्याबाहेर चालणाऱ्या वाहनांच्या इंधनावर जो कर भरला जातो, त्यातील काही भाग वाटांकडेच परत यावा. आज रिक्रिएशनल ट्रेल्स प्रोग्राम या नावाने चालणाऱ्या या योजनेत 30 टक्के रक्कम मोटारवाहनांच्या वाटांसाठी, 30 टक्के पायी, सायकल किंवा घोड्यावरून जाण्याच्या वाटांसाठी आणि 40 टक्के अनेक प्रकारच्या वापराच्या वाटांसाठी राखलेली असते. प्रकल्पखर्चाचा साधारणपणे 80 टक्क्यांपर्यंतचा भाग केंद्राकडून मिळतो आणि उरलेला हिस्सा स्थानिकांनी उभा करायचा असतो. क्लबांच्या दृष्टीने मोलाची बाब ही की त्या हिश्शात स्वयंसेवकांच्या श्रमाचे मूल्य धरता येते. म्हणजे श्रमदानाच्या दिवशी कोण किती वेळ आले आणि कोणी कोणते काम केले याची नीट सही-शिक्क्याची नोंद ठेवली, तर ती नोंद स्वतःच निधी ठरते. इतरत्रही अनुदान देणाऱ्या अनेक संस्था अर्जदाराचा वाटा मागतात, म्हणून हजेरीपत्रक हे कंटाळवाणे कागदपत्र न मानता पावतीपुस्तकाइतक्याच काळजीने सांभाळावे, असे मी प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगते.

दुर्लक्षाचा शेवट कोठे होतो आणि त्यातून सावरता कसे येते, हे कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातल्या रुबिकॉन ट्रेलच्या इतिहासावरून कळते. 1953 सालापासून तेथे जीपधारकांचा मोठा मेळावा भरतो आणि जगभरच्या ऑफ-रोड चालकांना ती वाट ठाऊक आहे. लोकप्रियता वाढली तसा गाळ, सांडलेले तेल आणि मानवी मैला यांचा प्रश्नही वाढला. 2004 साली वाटेजवळच्या स्पायडर लेक या तळ्याचा परिसर अस्वच्छतेमुळे बंद करावा लागला, आणि 2009 साली प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने एल डोराडो काउंटी (तेथील जिल्हा प्रशासन) व अमेरिकी वनसेवा यांना वाटेची धूप व प्रदूषण आटोक्यात आणण्याचा आदेश दिला. वाट कायमची बंद होईल, अशी भीती तेव्हा अनेकांना वाटत होती. ती वाचली, याचे कारण प्रशासनाबरोबर स्वयंसेवकांच्या संघटनाही कामाला लागल्या. निचऱ्याची कामे झाली, ओढ्यावर पूल आला, आणि चालकांनी मैला पिशवीत भरून परत न्यावा यासाठी सातत्याने प्रचार झाला. या वाटेचे उदाहरण मी देते, ते तिच्या खडकांच्या कीर्तीमुळे नाही. ओढ्यातील पाण्याच्या गुणवत्तेवरून वाटेचे भवितव्य ठरू शकते, हे तिने दाखवून दिले म्हणून देते.

निधी उभारण्यासाठी भरवलेली रॅलीच वाटेचे नुकसान करू शकते, याकडे आयोजकांनी अधिक गांभीर्याने पाहायला हवे. ओल्या मातीवरून एका दिवसात शेकडो गाड्या गेल्या, तर त्या दिवशी जमलेली रक्कम दुरुस्तीलाही पुरणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात अनेक जंगलरस्ते साधारणपणे जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत, म्हणजे तेथील ओल्या हंगामात, वाहनांसाठी बंद ठेवले जातात, आणि मला ही पद्धत सर्वत्र स्वीकारण्याजोगी वाटते. रॅलीची तारीख जमीन कोरडी असताना ठरवावी, पाऊस आल्यास ती पुढे ढकलण्याची अट प्रवेशअर्जातच लिहावी, आणि गाड्या लहान गटांत, अंतर ठेवून सोडाव्यात. रॅली पुढे गेल्याने क्लबचे वर्षाचे उत्पन्न बुडू नये, यासाठी वर्गणीतील ठराविक हिस्सा थेट वाटनिधीत जमा करण्याचा नियम घटनेतच असावा. रॅलीचे उत्पन्न बेभरवशाचे असते, वर्गणीचे तसे नसते. आणि निचऱ्याचे काम दरवर्षी करायचे असल्यामुळे त्याला भरवशाच्या पैशाचाच आधार हवा.

वाहने धुण्याच्या साधनांवरचा खर्चही मी आवश्यक मानते. पश्चिम ऑस्ट्रेलियात फायटोफ्थोरा सिनॅमोमी या मातीतून पसरणाऱ्या रोगकारकाने स्थानिक वनस्पतींचे मोठे नुकसान केले आहे, आणि चाकांना चिकटलेला चिखल हे त्याच्या प्रसाराचे एक प्रमुख साधन आहे. तणांचे बीही असेच पसरते. वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि पाण्याचा पंप असणे ही फार मोठी मागणी नाही.

चालकाच्या हाती जे आहे ते तर विनाखर्चाचे आहे. टायरमधील हवा वाटेनुसार कमी केल्यास टायर जमिनीवर अधिक पसरतो, चाक जागच्या जागी फिरत नाही आणि माती उकरली जात नाही. डिफरेन्शियल लॉक, म्हणजे एका आसाची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी यंत्रणा, वेळेवर लावल्यानेही तेच साधते. विंचची, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या यंत्राची, तार झाडाला थेट न बांधता रुंद पट्टा वापरल्यास साल सोलली जात नाही. अमेरिकी वनसेवेने 1985 साली सुरू केलेल्या आणि 1990 पासून स्वतंत्र ना-नफा संस्था म्हणून चालणाऱ्या ट्रेड लाइटली या उपक्रमाने अशाच शिस्तीचा प्रसार केला. प्रत्येक निधी-रॅलीच्या सुरुवातीला अर्धा तास या गोष्टींच्या प्रात्यक्षिकासाठी राखून ठेवावा.

परवानगीशिवाय कोणतेही काम करू नये, हे वेगळे सांगायला नको असे वाटते, तरीही सांगते. घळीत दगड टाकून ती बुजवणारा उत्साही गट अनेकदा पाण्याची बाहेर पडण्याची एकमेव वाट बंद करतो. वनव्यवस्थापनाशी लेखी करार, विमा, यांत्रिक करवत चालवणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि पक्ष्यांच्या विणीचा काळ टाळणारे वेळापत्रक एवढे तयार झाल्यावरच फावडे हाती घ्यावे.

शेवटी एक वादाचा मुद्दा मांडते, कारण आमच्या समितीत तो सध्या चर्चेत आहे. वाटनिधीतील काही भाग अनधिकृत फाटे आणि समांतर वाटा बंद करण्यासाठी वापरावा, असा प्रस्ताव मी ठेवला आहे: दबलेली माती सैल करायची, स्थानिक गवताचे बी पेरायचे, आणि तोंडाशी फांद्या व ओंडके रचून तो भाग गाड्यांना दिसेनासा करायचा. गाडी चालवण्यासाठी दिलेल्या देणगीतून वाटा बंद का करायच्या, असा काही सभासदांचा आक्षेप आहे आणि तो मी समजू शकते. माझे उत्तर असे आहे की मुख्य वाट टिकवण्यासाठी आपल्याकडे मर्यादित हात आणि मर्यादित पैसा आहे, प्रत्येक फाटा त्या वाटेवर आणखी पाणी आणून सोडतो, आणि वनाधिकाऱ्यांनी पूर्ण परिसर बंद करण्याआधी आपण स्वतः चार फाटे बंद केले, तर मुख्य वाट खुली ठेवण्याची आपली मागणी त्यांच्यापुढे भक्कम पुराव्यासह मांडता येते. त्यासाठी कोणता फाटा कोणत्या ओढ्याकडे उतरतो, याचा नकाशा तयार करण्याचे काम आम्ही हाती घेतले असून पावसाळ्यापूर्वी तो सर्व सभासदांसमोर ठेवला जाईल आणि मतदान त्यानंतर होईल.