एका रक्ततपासणीत कळत कसं नाही?

सांगलीत जेवणं आटोपतात तेव्हा इथे ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये रात्रीचा एक वाजलेला असतो. मावशीचे मेसेज नेमके तेव्हाच येतात. परवा तिच्या शेजारच्या मुलीचा रिपोर्ट आला, खाली एक ओळ : ‘एएनए पॉझिटिव्ह आलाय. लुपस आहे का गं?’ मी ‘एवढ्यावरून नाही सांगता येत’ म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं. ‘इतकी वर्षं त्याच रोगावर संशोधन करतेस ना?’

‘लुपस आहे की नाही, हे एका रक्ततपासणीत कळत कसं नाही?’ असं तुम्हीही बऱ्याच जणांनी विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

लुपसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका. एएनए म्हणजे आपल्याच पेशीच्या केंद्रकाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज). पण १:८० या पातळीला, म्हणजे रक्ताचा नमुना ऐंशी पट पातळ करूनही, ती शंभरातल्या साधारण तेरा धडधाकट माणसांतही सापडतात. म्हणून लुपसच्या २०१९च्या आंतरराष्ट्रीय निकषांत एएनए फक्त दार उघडतं. पुढे सांधे, त्वचा, किडनी, रक्तपेशी यांचे मिळून किमान १० गुण व्हावे लागतात.

बरं, रक्ताला काहीच कळत नाही असंही नाही. अमेरिकन सैन्याकडे सैनिकांचं सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वर्षानुवर्षं साठवलेलं होतं. पुढे लुपस झालेल्या १३० जणांचे जुने नमुने तपासले, तर ११५ जणांत निदानाआधीच प्रतिपिंडं होती, काहींत नऊ वर्षं आधीपासून. मात्र प्रतिपिंडं बाळगणाऱ्यांपैकी आजारी कोण पडणार, हे ती सांगत नाहीत. आम्ही शोधतोय ते हेच.

आणि इथे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, ते आणखी अवघड होतं. अ‍ॅबोरिजिनल (इथल्या मूळनिवासी) लोकांत लुपस गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतो आणि किडनीला लवकर धरतो. एका पावसाळ्यात दूरच्या वस्तीवरून छोट्या विमानानं एक तरुण मुलगी आली. चेहरा सुजलेला, लघवी कोऱ्या चहासारखी, रक्तातलं सी३ हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन लुपसमध्ये घसरतं तसं घसरलेलं. मनातल्या मनात मी लुपस लिहूनही टाकलं होतं. सोबतच्या अ‍ॅबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर बाई काही न बोलता तिच्या पायांकडे बघत राहिल्या. खरजेच्या खपल्या. त्या जखमांत स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू वाढतो आणि काही आठवड्यांनी किडनीला सूज येते. त्यातही सी३ असंच पडतं. तिचं सी४ (लुपसमध्ये सहसा सी३बरोबर घसरणारं दुसरं प्रथिन) ठीक होतं, आणि दोन महिन्यांत सी३ही वर आलं. लुपस नव्हताच.

उलटं झालेलंही पाहिलंय. ‘जखमांमुळेच असेल’ म्हणून परत पाठवलेल्या बाईला लुपस निघाला, तोवर किडनी बरीच गेली होती. खरूज होते कारण दोन खोल्यांत दहा-बारा माणसं झोपतात. ज्या शहरांत लहानपणी अशा जखमा होतच नाहीत, तिथल्या रक्तावर बेतलेली ‘नॉर्मल’ पातळी इथे किती कामाची? माझं निम्मं संशोधन या एका प्रश्नाभोवती फिरतं.

पुस्तकातले फोटोही तसेच. लुपसमध्ये गोऱ्या गालांवर उठणारा फुलपाखराच्या आकाराचा लाल चट्टा सगळ्या डॉक्टरांना पाठ असतो. सावळ्या कातडीवर तो जांभळट, काळपट दिसतो. आपल्याकडे तो दिसला की ‘उन्हानं रापलीय’ म्हणतात, इतकंच.

नमुने मागायला गेलं की पहिला प्रश्न तपासणीचा नसतो. एका आजीबाईंनी दुभाष्यामार्फत विचारलं, ‘मी गेल्यावर माझं रक्त कुठे राहणार?’ माझ्या सात पानी संमतिपत्रात याचं उत्तर नव्हतं. ते पत्र आम्ही वस्तीतल्या लोकांबरोबर बसून पुन्हा लिहिलं. वर्ष गेलं त्यात, आणि अनुदान देणाऱ्यांना उशीर समजावताना माझी पुरेवाट झाली.

मावशीला एवढंच कळवलं : शेजारच्या त्या मुलीचे सांधे सकाळी आखडतात का, उन्हात गेल्यावर चेहऱ्यावर काही उठतं का ते विचार, आणि आधी लघवीत प्रोटीन जातंय का ते तपासून घ्यायला सांग.

‘लघवी? ती तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होते,’ मावशी म्हणाली. जरा हिरमुसलीच.