लाईनबाहेरचा माणूस

एप्रिलच्या दुपारी आमच्याकडे माणूस घराबाहेर दिसला, तर एक तर कुणाची तरी माती असते, नाही तर त्याच्या घरची लाईन गेलेली असते. माझ्या घरची गेली होती. कूलर बंद, वाळ्याची ताटी वाळून खडखडीत. मग फाट्यावरच्या पानठेल्यावर जाऊन बसलो. तिथं कडुनिंबाची सावली आहे आणि तिला वीज लागत नाही.

ठेल्यावरचा पोरगा खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घ्यायचं आणि घासत राहायचं. खर्ऱ्याला बंदी आहे, पण ती कागदावर. हात पन्नीवर अन् डोळे मोबाईलवर. मोबाईल सुपारीच्या डब्याला टेकवलेला. त्यावर कुठला तरी जुना फुटबॉलचा सामना चालू होता आणि कॅमेरा बॉल सोडून एका म्हाताऱ्यावर खिळलेला. लालबुंद चेहरा, काळा कोट, आणि जबडा सारखा हलतोय.

"कोनता खर्रा खाते हा?" मी विचारलं.

"च्युइंगम हाय ते, काकाजी. फर्ग्युसन हाय तो."

बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्यानं 'पुण्याचं कॉलेज' अशी मान हलवली. पोरगा म्हणाला, कॉलेज नाही जी, मॅनेजर. तेव्हा म्हाताऱ्यानं पुढचा प्रश्न केला, "कोनत्या बँकेचा?" त्यात त्याची चूक नाही. मॅनेजर म्हटला की आमच्या गावाला पीककर्जच आठवतं.

पोराला सगळे आकडे पाठ. १९८६ च्या नोव्हेंबरात हा माणूस इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड क्लबला आला, लीगची पहिली ट्रॉफी मिळाली १९९३ ला, आणि २०१३ ला निवृत्त होईपर्यंत तेरा झाल्या. जाताना ११ गुणांच्या फरकानं जिंकलेला संघ मागे ठेवून गेला. त्याच्या जागी डेव्हिड मॉईस आले, सहा वर्षांचा करार करून. दहा महिन्यांत घरी. पोट्टे जवळपास तेच आणि नंबर सातवा. "आता सांगा," पोरगा म्हणाला, "बॉल कोन खेयत होतं?"

हे मला थोडं लागलंच. कारण मला एक खोड आहे. लग्नात मी नवरा-नवरी पाहत नाही, आचारी पाहतो. भजनात गाणाऱ्याकडे लक्ष नसतं, मृदंगवाला कोणाला डोळ्यानं खुणावतो ते बघतो. आणि फुटबॉल टीव्हीवर लागला की लाईनच्या बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या त्या माणसाला शोधतो. बॉल त्याच्या पायात नाही, शिट्टी त्याच्या तोंडात नाही. तरी जिंकलं तर ह्यानं जिंकलं आणि हरलं तर सोमवारी ह्याचं सामान बाहेर. असा धंदा दुसरा एकच मला माहीत आहे, शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचा.

आमच्या भागात हा वाद फुटबॉलच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. तळेगाव दशासरचा पट आम्ही लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिला. जोडी सुटते, धूळ उडते, आणि तुमचं 'हाण' म्हणून होईपर्यंत सगळं संपलेलं असतं. मग सेकंदावर भांडणं. माझे वडील म्हणायचे, "बैल पयते. धुरकऱ्याचं काम एकच, पडाचं नाही." माझे मोठे काका याच्या अगदी उलट. त्यांनी एक जोडी विकली होती, ती नवीन मालकाकडे अर्धा सेकंद मागे पडली, आणि तो अर्धा सेकंद काकांनी पुढची वीस वर्षं गावभर मिरवला. "बैलाले हात समजते," म्हणायचे. पटावर २०१४ ला बंदी आली आणि २०२१ च्या डिसेंबरात पुन्हा परवानगी मिळाली. मधल्या सात वर्षांत बैल नव्हते, धुरकरी नव्हते, पण वाद काही थांबला नाही. म्हणजे फर्ग्युसनचं प्रकरण काकांच्या बाजूचं.

वडिलांच्या बाजूचं प्रकरण म्हणजे इंग्लंडचाच दुसरा क्लब, लेस्टर सिटी. २०१५ च्या मोसमाआधी सट्टेबाज त्यांच्यावर एकाला पाच हजार द्यायला तयार होते. क्लॉडिओ रानिएरी नावाच्या इटालियन मॅनेजरनं त्या संघाला लीग जिंकून दिली. सगळ्या जगानं त्याला डोक्यावर घेतलं. आणि नऊ महिन्यांनी, २०१७ च्या फेब्रुवारीत, त्याच क्लबनं त्याच माणसाला काढून टाकलं. बहुतेक जोडी तीच, धुरकरी तोच, पट तोच. मग आदल्या वर्षी पळालं कोण?

आम्हा वैदर्भीयांना तर हा प्रश्न फार जवळचा. रणजीमध्ये विदर्भ साठ वर्षं नुसता हजेरी लावत होता. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि २०१८ च्या पहिल्याच दिवशी इंदूरला दिल्लीला हरवून आपण जिंकलो. पुढच्या वर्षी पुन्हा. पंडित मध्य प्रदेशात गेले, तर २०२२ ला मध्य प्रदेश जिंकला, तेही मुंबईला हरवून! एवढ्यावर वाद मिटायला हवा होता. पण ठेल्यावर तो मिटत नाही. कारण २०२५ ला विदर्भ पुन्हा जिंकला, पंडितांशिवाय. "तवा कोनं केलं?" असं एकानं विचारलं की दुसरा म्हणतो, "पेरनी त्यायनंच केलती." आणि तिसऱ्याचं पान लावून होतं.

माझ्या आयुष्यातला मॅनेजर एकच. आमचे भूगोलाचे सर.

मी आठवीत होतो. हिवाळा १९८६ चा. म्हणजे तिकडे फर्ग्युसन रुजू झाला आणि इकडे आमच्या शाळेत एक फुटबॉल आला, दोन्ही एकाच हंगामात. चामड्याचा, शिवणीचा, दहिवरात भिजला की दगड. पी.टी. शिकवायला कोणी नव्हतं म्हणून ते काम सरांकडे. सरांनी फुटबॉल कधी खेळलेला नव्हता. वहीच्या पानावर मैदान काढून त्यांनी ते आम्हाला नकाशासारखं समजावलं: उत्तरेला गोल, दक्षिणेला गोल, आणि "मधात तुमी". बाकी सगळी त्यांची रणनीती एका शब्दात होती. लाईनच्या बाहेर छत्री घेऊन, गालात खर्रा धरून उभे राहायचे आणि ओरडायचे, "पया!"

आम्ही पळायचो. अनवाणी, अकराचे अकरा बॉलच्या मागे. तालुक्याच्या गावी सामना लागला तेव्हा समोरच्या शाळेच्या पोरांच्या पायात बूट होते आणि अंगात नंबर. हाफटाईमला आम्ही ४-० नं मागे. गोलात आमच्याकडे पाटलाचा पोरगा होता, कारण त्याला पळायचा कंटाळा.

हाफटाईमला सरांनी एक गोणपाट उघडलं. त्यात संत्री होती. आंबिया बहाराची, थंडगार, कुणाच्या मळ्यातून मागून आणली होती देव जाणे. "खा," म्हणाले. सामन्याबद्दल एक शब्द नाही. आम्ही सालं एकमेकांच्या डोळ्यात पिळत, चिडवत, हसत संत्री खाल्ली. ४-० नं मागे असलेल्या संघाला इतकं हसताना त्या मैदानानं पाहिलं नसेल. आणि मग सरांनी पाटलाच्या पोराला बाहेर बसवून जागल्याच्या पोराला गोलात उभं केलं. तो ज्वारीच्या दिवसांत माळ्यावर बसून गोफणीनं पाखरं हाकलायचा.

"अबे हा दिवसभर पाखरं हाकलते. एक बॉल नाही हाकलनार काय?"

हाकलला की! दुसऱ्या अर्ध्यात आमच्यावर गोल झाला नाही. बॉल यायचा आणि पोरगा त्याला पाखरासारखा 'हुर्र' करून मारायचा. सामना ४-० नंच संपला. गावात सांगितलं तर लोक म्हणाले, चार गोलनं हरले. सर म्हणाले, दुसरा सामना बराबरीत काढला.

पुढे कितीतरी वर्षांनी भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मला हीच गोफण आठवली. रहीमसाहेब हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. १९५१ ला आशियाई सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत जर्नेल सिंग हा त्यांचा बचावातला पहाड डोकं फुटून टाके घालून बसलेला. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर ठेवलं नाही, पुढे आक्रमणाला घातलं. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाविरुद्ध भारत २-१ नं जिंकला आणि त्यातला एक गोल जर्नेलचा. फुप्फुसाच्या कर्करोगानं पोखरलेला माणूस लाईनबाहेर उभा होता. पुढच्या जूनमध्ये गेले. त्यानंतर आशियाई खेळांत आपल्या फुटबॉलला सुवर्ण नाही. काकांना मी हे सांगायला हवं होतं. पण तोवर काकाही गेले होते.

आमचं पुढचं वर्ष मात्र वडिलांच्या बाजूचं निघालं. सरांची बदली मेळघाटाकडे झाली आणि नवीन सर आले. ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, सकाळी साडेपाचला ग्राउंड. पास कसा द्यायचा, जागा कशी धरायची, सगळं शिकवलं, आणि मनापासून शिकवलं. आम्ही त्याच शाळेला २-१ नं हरवलं. गावात गुलाल उडाला, नवीन सरांना बैलबंडीवर बसवलं. सगळे म्हणाले, मास्तर बदलला आणि पोट्टे सुधरले.

पोट्टे वीतभर वाढले होते, हे कोणी म्हणालं नाही. मी स्वतः त्या वर्षात दोन पॅन्टी आखूड करून टाकल्या होत्या. आणि समोरच्या शाळेचे तिघं दांडगे दहावी पास होऊन गेले होते. हॉलंडच्या लीगचा हिशेब मांडलेला वाचलाय मी: ज्या संघांनी पडत्या काळात प्रशिक्षक हाकलला ते सावरले, आणि तितक्याच पडत्या काळात ज्यांनी ठेवला तेही जवळपास तसेच सावरले. ताप उतरायचाच असतो. ज्या दिवशी उतरतो त्या दिवशी दारात असलेल्या वैद्याला पागोटं. गोलात मात्र त्या वर्षीही जागल्याचाच पोरगा होता. त्याला तिथं नवीन सरांनी उभं केलेलं नव्हतं.

तर नेमका हात कोणाचा किती? पैशाचा मोठा, हे ठेल्यावरच्या पोरालाही मान्य आहे. ज्या क्लबचे पगार मोठे, तेच बहुतेक वर्षी वर असतात. त्यातून उरलेलं जे काही आहे त्यात हा लाईनबाहेरचा माणूस बसतो. मी मनातल्या मनात ते माप कधी पायलीभर धरतो, कधी चिमूटभर. दुपारवर आहे.

सरांना शेवटचं भेटलो ते सात-आठ वर्षांपूर्वी, अमरावतीला, त्यांच्या मुलाकडे. तोंड उघडत नव्हतं. खर्ऱ्यानं होतं तसं. आधी तिखट झोंबायला लागतं, मग जबडा आवळत जातो. सरांच्या दातांमधून बोट जाईल एवढीही फट उरली नव्हती. डॉक्टरांनी पुढचंही सांगितलेलं होतं. काय बोलावं सुचेना म्हणून मी त्यांना त्या दुसऱ्या वर्षीचा सामना सांगितला, जो त्यांनी पाहिला नव्हता. गोल कसे झाले, जागल्याच्या पोरानं काय हाकललं, सगळं. सर ऐकत होते. मग दातांमधून म्हणाले, मला दोनदा विचारावं लागलं तेव्हा कळलं:

"संत्री कोनं आनली होती?"

कोणीच नाही, म्हटलं. नवीन सरांनी ग्लुकोजचं पाणी दिलं होतं. सरांनी हात असा झटकला, जसा काही तो सामना आम्ही हरलोच होतो. मी वरुडची डझनभर संत्री नेली होती. त्यांच्या सुनेनं दोन सोलून पिळली, गाळली आणि वाटीत चमचा घालून आणली.

घराकडून कोणीतरी ओरडलं, लाईन आली म्हणून. मी उठलो. पोरगा अजून घोटतच होता. मोबाईलवर दुसरा सामना लागला होता, दुसरा मॅनेजर. पन्नीला गाठ मारून त्यानं एक पुडी गिऱ्हाईकाला दिली आणि एक आपल्या खिशात टाकली.

"दिवसाचे किती खाते बे तू?" मी विचारलं.

"मोजत नाई जी."