हिवाळ्यानंतर आरव्हीतला गॅस सुरू करताना

मिशिगनचा हिवाळा सरला की इथे घरोघरी आरव्ही ताडपत्रीतून बाहेर निघतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं छोटं घर. त्यातली शेगडी, फ्रीज, गरम पाण्याची टाकी आणि घर उबदार ठेवणारी फर्नेस, सगळं प्रोपेनवर चालतं. आपल्या घरच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनही असतं, पण शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होऊ शकतो, म्हणून थंड मुलखात तोच वापरतात.

पाच-सहा महिने बंद असलेली ही उपकरणं पहिल्या दिवशी हमखास रुसतात, आणि लोक लगेच मेकॅनिकला फोन लावतात. माझं ठाम मत आहे की बहुतेक वेळा बिघाड नसतोच. नळीत हवा असते, बर्नरमध्ये कोळी असतो, नाहीतर बॅटरी उतरलेली असते.

म्हणून सुरुवात बॅटरीपासून. ती चार्ज करून गॅस डिटेक्टर चालू आहे ना, ते बघायचं. प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून डिटेक्टर जमिनीलगत बसवलेला असतो. त्याचं आयुष्य साधारण पाच ते सात वर्षं. मुदत अंगावरच छापलेली असते, ती उलटली असेल तर सरळ नवा घ्यावा.

मग सगळी उपकरणं बंद ठेवून सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी सावकाश उघडायचा. झटक्यात उघडला की जोडणीतल्या सुरक्षा यंत्रणेला नळी फुटल्यासारखं वाटतं आणि ती गॅस जेमतेम सोडते. मग ज्योत मिणमिणती राहते आणि बिचाऱ्या रेग्युलेटरवर आळ येतो. अशा वेळी सगळं बंद करून थोडं थांबायचं आणि पुन्हा हळूच उघडायचं. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे फुगले तर व्हॉल्व्ह बंद, पुढे काहीही पेटवायचं नाही. अमोनिया असलेला साबण नको, तो पितळ खातो. आत गॅसचा वास आलाच तर एकाही बटणाला हात न लावता बाहेर पडायचं.

पहिला मान शेगडीचा. खिडकी उघडी ठेवून बर्नरपाशी लायटर धरला की आधी नुसती हवा फुसफुसते, मग ज्योत भकभकते, विझते, पुन्हा धरते आणि हळूहळू निळी, स्थिर होते. नळीतली हवा निघून गेल्याची ती खूण. हे न करता थेट फ्रीज किंवा फर्नेस लावली तर त्यांचा सर्किट बोर्ड काही वेळा ठिणगी देऊन बघतो आणि स्वतःला बंद करून घेतो. मशीन बिघडलेलं नसतं, गॅस तिथवर पोचलेलाच नसतो.

आता कोळी. बर्नरच्या नळीत ते जाळं विणतात, हवा नीट मिसळत नाही, ज्योत पिवळी पडते आणि काजळी धरते. थट्टा वाटेल, पण २०११ साली माझदानं अमेरिकेत हजारो मोटारी परत बोलावल्या होत्या, कारण पेट्रोलच्या वाफेच्या नळीत पिवळे कोळी जाळी करत होते. वॉटर हीटरचं बाहेरचं झाकण काढून टॉर्च मारली की जाळं दिसतं, कापसाच्या बोळ्यासारखं. मऊ ब्रशनं ते निघतं. मात्र गॅस येतो त्या बारीक छिद्रात तार घालू नये. छिद्र मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते.

त्याच हीटरची टाकी पाण्यानं भरल्याशिवाय तो लावायचा नाही. हिवाळ्यात पाणी टाकीत न जाता बाहेरून वळावं म्हणून फिरवलेला बायपास व्हॉल्व्ह पूर्ववत करायचा आणि गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत थांबायचं.

फर्नेसचा पंखा घरघरतो आणि ज्योत मात्र लागत नाही, तेव्हा पुन्हा बॅटरीच बघावी. पंख्याच्या वाऱ्यानं आत एक छोटी पट्टी ढकलली जाते, त्यानंतरच गॅस सुटतो. व्होल्टेज कमी, तर वारा कमी, मग गॅस नाहीच.

हे सगळं करूनही ज्योत पिवळीच राहिली तर गॅसचा दाब मोजायला माहितगार माणूस बोलवावा; तिथे स्वतः पाना फिरवू नये. फ्रीज मात्र निघायच्या आदल्या दिवशीच लावावा, आणि गाडी सपाट जागी उभी करून. त्यात कॉम्प्रेसर नसतो, गॅसच्या उष्णतेनं अमोनिया फिरवून तो गारवा करतो, आणि त्याला कित्येक तास लागतात.