रिंगणाच्या वेळी तरडगावात

माऊलींच्या पालखीसोबत आळंदीहून निघालो तेव्हा वारी म्हणजे चालणे आणि भजन एवढेच माझ्या मनात होते. दिवे घाटाची चढण पार पडली, सासवडचा दोन रात्रींचा मुक्काम झाला, जेजुरीत भंडारा कपाळी लागला, नीरेत पादुकांचे स्नानही डोळे भरून पाहता आले. मात्र लोणंदला पोहोचेपर्यंत पायांना एवढे फोड आले की पुढच्या मुक्कामाला दिंडीच्या ट्रकमधून जाण्यावाचून इलाज उरला नाही. त्याच दिवशी वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. अश्व धावताना पाहण्याची माझी आस हुकणार होती, आणि मी पुरता हिरमुसलो होतो.

ट्रक तरडगावला पोहोचताच मंडळी कामाला भिडली. काहींनी राहुट्या ठोकल्या, काहींनी टँकरवरून पाण्याचे हंडे वाहून आणले, आणि बायकांनी शेकडो माणसांच्या स्वयंपाकासाठी पीठ मळायला घेतले. मला कांदे निवडायला बसवण्यात आले. शेजारच्या मावशी परभणीकडच्या होत्या. घरची पेरणी उरकून दरवर्षी येत आणि दरवर्षी ट्रकसोबतच पुढे निघत. रिंगण कधी पाहिले का, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "एकदा पायलं होतं. पन भुकेली मानसं आल्यावर चुलीपाशी कुनी तरी लागतंच ना, माऊली?" त्या उत्तरात खंत नव्हती आणि त्यागाचा तोराही नव्हता. बोलता बोलता त्यांनी एका मुलीची कच्ची राहिलेली भाकरी पुन्हा तव्यावर टाकायला लावली.

'काम हीच पूजा' हे वाक्य कार्यालयांच्या भिंतींवर लावणाऱ्यांविषयी मला फारसा विश्वास वाटत नाही, कारण अनेकदा त्याचा अर्थ पगाराबद्दल बोलू नका एवढाच असतो. वारकरी संतांचे म्हणणे निराळे आहे. सावतोबांनी अरणच्या मळ्यात, गोरोबांनी तेरला चिखल तुडवताना आणि जनाबाईंनी नामदेवांच्या घरी दळताकांडताना देव पाहिला, तो राबवून घेणाऱ्याच्या सोयीसाठी नव्हे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माच्या फुलांनी ईश्वराची पूजा करावी असे सांगितले आहे. ती कच्ची भाकरी तव्यावर परतली तेव्हा या ओवीतले फूल मला प्रथमच नीट दिसले.

संध्याकाळी पालखीतळावर समाजआरतीसाठी दिंड्या जमल्या. चोपदारांनी दंड उंचावताच हजारो टाळ एकाच क्षणी थांबले, आणि मग वाटेत हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारण्यात आली. एवढ्या भारलेल्या शांततेत कुणाच्या तरी पिशवीची चौकशी व्हावी, आणि ती कुणालाही विजोड वाटू नये, हे मला रिंगणाइतकेच मोलाचे वाटले.

मी एका पतपेढीत हिशेब तपासतो. पासबुकातली चुकीची नोंद एखाद्या म्हातारीला पुन्हा खेटा घालायला लावते हे मला ठाऊक होते, पण त्या नोंदीचा भक्तीशी काही संबंध लावावा असे कधी सुचले नव्हते. फोड बरे झाल्यावरही फलटणपासून पुढे रोज मुक्कामी पोहोचलो की मी शिध्याच्या वहीपाशी बसू लागलो. तेलाचे डबे आणि डाळीची पोती यांचा मेळ लागत नव्हता, आणि तो लावणे मला येत होते.